कॅमेऱ्याचं तोंड मागच्या गल्लीकडे

—अहो, तिथे नका टेकू, टाचण्या आहेत तिथे! त्या खुर्चीवर बसा, कापडं खाली ठेवा, काही होत नाही, गिऱ्हाइकांची आहेत. हं. ऐकलं मी सगळं, बहिरी नाहीये अजून — काय छान वाचून दाखवलात हो कागद, मला वाटलं बातम्याच लागल्या. 'मी, खाली सही करणार, माझ्या खोलीच्या खिडकीत शिवणकाम करीत असताना, गाड्या धुणाऱ्या सदर इसमास औषधांच्या दुकानातून पळून जाताना समक्ष पाहिले.' समक्ष! सदर इसम! लंबूला आजवर कुणी इसम म्हटलं नव्हतं बिचाऱ्याला, तुरुंगात जायची वेळ आली आणि मान वाढला बघा. आणि हे सगळं म्हणे मी बोलले. अध्यक्षीणबाई, मी अशी बोलते का हो? बरं, आणि हा केक. एवढी वर्षं एका आवारात राहतो आपण, तुमचे यजमान कमिटीचे अध्यक्ष, त्यांच्याच खोलीत मी भाडेकरू — आजवर माझा जिना कधी चढलात? पडदे यायचे, पँटी यायच्या, त्या कामवालीच्या हातून, वर निरोप की लवकर करा. आज स्वतः आलात, केक घेऊन. ठेवा तिथे. मशीन चालू ठेवते हं, राग मानू नका, संध्याकाळी द्यायचंय हे. हात थांबले की माझं तोंड सुटतं, ते तुम्हाला परवडायचं नाही.

औषधवाले काका कसे आहेत, काही कळलं? अजून शुद्ध नाही ना? चांगला माणूस हो. दुपारी अर्धं शटर ओढायचं, काउंटरमागे खुर्चीत मान टाकायची, ही त्यांची सवय सगळ्या आवाराला माहीत. कुणाला औषध हवं असलं तर वाकून आत जायचं, हाक मारायची, 'काका, पोटात दुखतंय,' की डोळे न उघडता डावीकडच्या खणातली गोळी काढून द्यायचे. आणि परवा कुणीतरी वाकून आत गेलं आणि हाक नाही मारली. झोपेच्या गोळ्यांची खोकी काढली — गल्ला तसाच, शिवलासुद्धा नाही — काका जागे झाले, हात धरला असेल, ढकललं त्यांना, डोकं आपटलं काउंटरच्या कोपऱ्यावर. शुद्धच गेली. म्हातारा माणूस. आणि लंबू आत. त्याची आई परवापासून चौकीच्या पायरीवर बसून आहे, पाणीसुद्धा कुणी विचारत नाही. तुम्ही जाताना-येताना बघितली असेल की. नाही? बरोबर, गाडीच्या काचा काळ्या आहेत तुमच्या.

तो हवालदार आला होता ना चौकशीला — चौकशी म्हणजे काय, तुमच्या यजमानांबरोबर वॉचमनच्या केबिनमध्ये बसून चहा प्यायला आणि कॅमेरा बघितला. माझी खिडकी दुकानाच्या अगदी समोर, दिवसभर मी इथे उजेडाला बसलेली, मला विचारावं असं काही त्याच्या मनात आलं नाही. कशाला येईल? कॅमेरा आहे ना! कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणतात. नाही बोलत, खरंय. पण त्याची मान कुणी वळवली तेवढं विचारा. चार कॅमेरे बसवले कमिटीनं, चारही मागच्या गल्लीकडे तोंड करून! एक होता आधी तुमच्या जिन्याकडे, तर बायकांनी ओरडा केला, आम्ही घरच्या कपड्यात कचरा टाकायला उतरतो, बरं दिसत नाही म्हणून. तोही वळवला गल्लीकडे. आता मला सांगा, ज्या बाजूला तोंड त्याच बाजूचा माणूस दिसणार ना त्यात? का तुम्ही दिसणार? गेल्या वर्षभरात जे जे चोरीला गेलं — सायकल, कुंड्या, त्या बँकवाल्यांचे बूट — काहीही जाऊ दे, कॅमेरा बघायचा, मागच्या गल्लीतलं कुणीतरी चाललेलं असतंच, राहतात ती माणसं तिथे, चालणार नाहीत तर काय उडणार? की धरा त्याला. वाट बघायला नको, शोधायला नको. फार सोय झाली हो.

आणि लंबू पळताना दिसला म्हणे. दिसणारच! पळतच होता तो. गाड्या धुता धुता त्याला शटरखाली काकांचा पाय दिसला, आत गेला, बघितलं, आणि सुटला गल्लीकडे, भंगारवाल्याची हातगाडी आणायला. ती आणली, काकांना घातलं त्यात, त्यानं आणि भंगारवाल्यानं ढकलत ढकलत हॉस्पिटलात नेलं. तुमच्या आवारात तेव्हा गाड्या किती उभ्या होत्या, मोजायच्या म्हटलं तर बोटं पुरायची नाहीत, पण सगळ्यांची दारं बंद, एसी चालू, त्याची हाक कुणाला ऐकू जाणार. हे हातगाडीचं पुढे कॅमेऱ्यात आहे की. पण पुढचं बघतंय कोण? पळताना दिसला, बंद केलं यंत्र, चहा संपवला. हॉस्पिटलात त्यानंच नेलं हे सांगितलं तर म्हणतात, मग काय, घाबरून नेलं, अंगाशी आल्यावर. म्हणजे पळाला तर चोर आणि परत आला तरी चोर. शर्टाला रक्त लागलं होतं ते पुराव्यात. म्हाताऱ्याला उचलताना रक्त नाही लागणार तर काय अत्तर लागणार?

—कोण आहे? झिप? नाही झाली अजून, उद्या ये. उद्या! दार लोट.

नाही नाही, मला गल्लीचं फार प्रेम आहे असं समजू नका. तिथे काय सगळी देवमाणसं राहतात? छे! दोन घरं अशी आहेत की त्यांच्या दारावरून जाताना मी पिशवी पोटाशी धरते. नळावर भांडणं, डोकी फुटतात. शाळा होती ती बंद झाली, दिवा होता तो फुटला, तो बसवायला कुणी येत नाही, मग अंधारात जे व्हायचं ते होतं. हा लंबू! हा काय लहानपणी साधा होता? माझ्या दोरीवरून गिऱ्हाइकाचा कोट पळवला होता यानं, एवढासा होता तेव्हा, कोट त्याच्या पायात येत होता, तरी पळतोय! मी इथून खिडकीतून ओरडले, खाली उतरले, कान धरून वर आणला आणि इथे, तुम्ही बसलात तिथेच, बसवला. जुन्या पँटीची शिवण उसवायला दिली. रोज यायचं, उसवायचं, मग घरी जायचं. आणि त्याच्या आईला सांगितलं. तर ती आली, मला वाटलं आता भांडणार, तर तिनं माझ्यासमोर त्याला अजून दोन ठेवून दिल्या आणि मला म्हणाली, 'मावशी, मी कामावर असते, तुमची नजर असू दे.' नजर असू दे! झालं, त्यानंतर त्या पोरानं कुणाची काडी उचललेली मी तरी बघितली नाही. तिथं गल्लीत अजून कुणीही कुणाच्या पोराला दटावतं.

आता तुमच्या लेकाची, पिल्लूची गोष्ट घ्या — घ्या ना, एवढं काय, लहानपणचीच सांगतेय. आठ-नऊ वर्षांचा असेल. वॉचमनच्या कुत्रीला पिल्लं झाली होती, हा टोळी जमवून त्यांना दगड मारत होता. एकाचा डोळा गेला. मी खाली उतरले आणि एक लगावली. एकच. लंबूला तर किती तरी मारल्या होत्या, हिशोबच नाही. आणि संध्याकाळी तुम्ही! जिना तेव्हाही नाही चढलात, खालूनच बोललात, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं. 'आमच्या मुलाला हात लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?' मी खिडकीतून मागे सरले. कारण खरंच कुणी दिला नव्हता, असा कागद नव्हता माझ्याकडे. मग मीटिंग झाली, ठराव झाला, दुसऱ्याच्या पाल्याशी परस्पर बोलू नये, तक्रार असल्यास कमिटीकडे करावी. आणि मला वेगळं सांगण्यात आलं की खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवू नये, लोकांना अवघडल्यासारखं होतं. मी म्हटलं बरं. पडदा लावला. तेव्हापासून तुमच्या आवारात पोरगं कुणाचं काचा फोडो, कुणी कुणाची बाटली पळवो, सगळ्या खिडक्या मिटलेल्या. ज्याचं पोर त्यानं बघावं. आणि ज्याचं असतं तो ऑफिसात!

पिल्लूला दगड मारायची हौस होती, म्हणून वाईट पोरगा, असं नाही म्हणत मी. सगळी पोरं तशीच हो त्या वयात. पूर्वी ते मैदान होतं ना, आता तुमचं पार्किंग आहे ते, तिथे इकडची तिकडची पोरं एकत्र खेळायची, मारामारी करायची, परत खेळायची. कॅरमची खोली होती, तिथे आता कमिटीचं ऑफिस, संगमरवरी फरशी, कुलूप. आणि तो बाक! म्हातारे बसायचे त्यावर, संध्याकाळी सगळ्या जगाच्या चौकशा. पोरं सिगरेटी ओढायला त्याच बाकावर यायची रात्री, म्हणून बाकच उपटला. वा! आता म्हातारे घरात आणि पोरं सिगरेटी ओढतायत गाड्यांच्या मधे, दिसत नाहीत एवढंच. मग ती भिंत घातली. भिंतीच्या तिकडची पोरं कोपऱ्यावर उभी, इकडची पार्किंगमध्ये उभी, वय एक, मिशी एकसारखीच कोवळी, उद्योगही तेच. फक्त तिकडच्यानं केलं की गुन्हा, इकडच्यानं केलं की वय! तिकडच्याला दांडके, इकडच्याला तो कोण तो, दर शनिवारी येतो गाडी घेऊन, मुलांशी गप्पा मारायला — हां, समुपदेशक. मी विचारलं कामवालीला, काय करतो तो? तर म्हणे, साहेब पिल्लूदादाचं ऐकून घेतात. मी म्हटलं, अगं, ऐकून घ्यायला पैसे पडतात होय? मी तर फुकट ऐकते सगळ्यांचं.

हसताय? नाही हसत. बरं.

खरं सांगू का, गेले काही महिने मलाच चैन नव्हती त्याच्याकडे बघून. कॉलेजला म्हणून निघायचा आणि जिन्याच्या वळणावर बसून राहायचा, भिंतीला डोकं लावून. डोळे असे, लागल्यासारखे. पँट द्यायला आला होता एकदा, स्वतः, कंबर बारीक करून हवी म्हणून. केवढी बारीक, माहितीये? मी टेप दोनदा लावून बघितली. जेवतोस का रे, विचारणार होते. ओठांवर आलं. मग आठवला ठराव. परस्पर बोलू नये! गिळलं. काय मेलं माझं मन तरी, लंबू असता तर कान धरून बसवला असता. ते असो, पण सही नाही करणार मी, घाला तो कागद पर्समध्ये. खोलीचा करार संपतोय याची आठवण केलीत मघाशी, सहज, बोलता बोलता, तीही समजली मला. नाही नूतनीकरण होणार तर नाही. मशीन उचलेन आणि जाईन कुठेतरी, अगदी गल्लीत जाईन. पण नाही बघितलं ते बघितलं म्हणून नाही लिहायची. शटरखालून जो वाकून निघाला तो लंबू नव्हता, लंबू नंतर आला, बादली हातात होती त्याच्या —

मोडली. सुई मोडली मेली.

काय बोलून गेले मी? जाऊ दे. हे बोलायचं नव्हतं मला, देवाशपथ नव्हतं. नुसतं नाही म्हणायचं आणि तुम्हाला वाटेला लावायचं असं ठरवलं होतं, तुम्ही दार वाजवलंत तेव्हाच. पण माझं तोंड! आता निघालंच आहे तर ऐका. पडदा जरासा बाजूला होता, उजेडासाठी. शटरखालून बाहेर आला, छातीशी खोकी धरलेली. उभा राहिला. आणि मान वर करून सरळ माझ्या खिडकीकडे बघितलं. पळाला नाही हो! उभाच. मी ओरडावं म्हणून उभा होता की काय, कोण जाणे, दोन दिवस तेच डोक्यात आहे माझ्या. पूर्वीची मी असते तर अशी हाक मारली असती की खोकी गळून पडली असती हातातून, आणि काकांकडेही लवकर गेलं असतं कुणीतरी. मी काय केलं? पडदा ओढला. सवय! बघू नका सांगितलं होतं ना, इतकं अंगात भिनलं की ओढला पडदा. आणि मग फटीतून दिसलं, तो गेला तुमच्या जिन्याच्या बाजूनं, जिथे कॅमेरा बघत नाही. मग बसले वाट बघत. हवालदार विचारेल, कमिटी विचारेल, कुणी तरी एक माणूस वर येऊन विचारेल की मावशी, तुम्ही काय बघितलं. आज आलात तुम्ही, तर मी काय बघितलं ते लिहूनच आणलंत.

गप्प का? ओरडा ना माझ्यावर. म्हणा, खोटारडी आहेस. मी अजून नाव घेतलं नाहीये. बोला की, विचारा — कोण होता तो? अहो, कुणीही विचारलं असतं! त्या दारावरच्या झिपवालीनं विचारलं असतं. मी एवढं सांगतेय, लंबू नव्हता, दुसराच होता, आणि तुम्ही त्या कागदाची घडी घालताय. परत उघडताय, परत घालताय. कोण, एवढा एक शब्द येत नाही तुमच्या तोंडातून...

अगं आई गं.

माहीत आहे तुम्हाला. कधीपासून? इकडे बघा. परवापासूनच? त्यानं सांगितलं? मान हलवू नका नुसती, सांगितलं का त्यानं? स्वतःहून? घरी आला आणि आईला सांगितलं? काकांना लागलंय म्हणाला? रडला? — रडला. बघा. बघा म्हणजे! आणि मी इथे दोन दिवस समजत होते की पोरगं हाताबाहेर गेलं. कुठे गेलंय? घरी आलंय, आईच्या मांडीवर डोकं ठेवून खरं बोललंय, अजून काय करायचं असतं हो पोरानं? गल्लीतल्या त्या बाईनं काय केलं असतं माहितीये, बदडत बदडत नेला असता चौकीवर आणि मग पायरीवर बसून राहिली असती त्याच्यासाठी, आज बसलीये तशीच, पोरानं न केलेल्यासाठी बसलीये ती. आणि तुम्ही? तुम्ही उठलात आणि हे टाईप करून आणलंत. तो बघत होता का, टाईप करताना? होता. त्याच खोलीत होता. म्हणजे तुम्ही त्याला समोर बसवून शिकवलंत. एवढी वर्षं मी गल्लीला नावं ठेवली, अंधाराला, नळाला, कशाकशाला, आणि तुमच्या घरात तर दिवे लखलखीत आहेत!

रडू नका. माझ्यापुढे रडून काय उपयोग, मी कोण, मला कुणी अधिकार दिला? नाही, यजमानांना फोन लावू नका, ते येऊन ठराव करतील. पिल्लू घरी आहे ना? ठीक आहे. मी जाते तुमच्याकडे आणि हाक मारते त्याला. येईल तो. तुमच्याशी बोललाय, माझ्याशीही बोलेल, हात धरून नेते चौकीवर, मारणार नाही, घाबरू नका, ठराव मोडेन तो बोलण्यापुरताच. त्या बाईला पायरीवरून उठवायचंय आणि तो लंबू बाहेर यायला हवा, आजच. पिल्लूचं जे व्हायचं ते होईल, पण निदान आपण केलेल्याचं होईल. तुम्हाला यायचं असेल तर या बरोबर. नसेल यायचं तर बसा इथे, पाणी तिथे माठात आहे.

काय? नाही. नाही म्हटलं ना. हात सोडा माझा, अध्यक्षीणबाई. बाजूला व्हा दारातून.